एकाच यादीतली दोन नावे : अडतीस मिनिटांचा घटनाक्रम

१३ जानेवारी २०१८, शनिवार. सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रा, या दिवसांत रात्री उशिरापर्यंत जागा असतो. त्याच वेळी पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर सकाळ होत होती. तिथले सकाळचे ८:०७ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११:३७. त्या मिनिटाला हवाईतल्या फोनवर एकाच वेळी संदेश आला : हवाईच्या दिशेने क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही.

क्षेपणास्त्र नव्हतेच. पण ‘नव्हते’ हे त्याच फोनवर यायला ३८ मिनिटे लागली.

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज सोलापुरात बसून मांडावी असे वाटले, याला कारण आहे. आपल्या कारखान्यांत, दुकानांत, कार्यालयांत चॅटवरून काम चालते आणि त्या चॅटला एआय एजंट जोडण्याची घाई सुरू झाली आहे. हवाईतल्या अधिकाऱ्यासमोर पडद्यावर जी यादी होती, तशीच यादी एजंटसमोर असते. मालकाचा चेहरा, शेडमधला आवाज, बाजारातली कुजबुज, यातले काही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्याकडे चॅटमधला मजकूर असतो आणि त्याला दिलेल्या टूल्सची, म्हणजे त्याला करता येणाऱ्या कामांची, यादी असते : प्रत्येकाचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती भरायची ते. ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची जी पद्धत २०२४ च्या अखेरीपासून रूढ होत गेली, तिचा गाभाही हाच. वर्णनाच्या त्या दोन-चार ओळी वाचून एजंट ठरवतो की आता कोणते टूल चालवायचे. त्या ओळी ढिल्या असल्या तर काय होते, ते हवाईत मिनिटामिनिटाने नोंदले गेले आहे.

सहा आठवडे आधी

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस उत्तर कोरियाने ह्वासाँग-१५ या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी केली. १ डिसेंबरला हवाईत हल्ल्याच्या भोंग्याची चाचणी पुन्हा सुरू झाली; शीतयुद्ध संपल्यानंतर ती बंद पडली होती. क्षेपणास्त्र सुटले तर हातात काही मिनिटेच राहतील, या हिशेबाने राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने सगळी रचना वेगासाठी केली. मजकूर आधीच लिहून ठेवलेले. एक अधिकारी, एक पडदा, काही क्लिक.

वेगाचा हा हिशेब चुकीचा नव्हता. चूक होती ती जे लिहून ठेवलेच नाही त्यात. ‘इशारा खोटा होता, क्षेपणास्त्र नाही’ असा तयार मजकूर यादीत कुठेच नव्हता. पाठवायची सोय झाली, परतायची राहिली. एजंटसाठी टूल्स लिहिणाऱ्यांकडूनही हेच होते. ‘संदेश टाक’ पहिल्या दिवशी लिहिले जाते आणि ‘चुकलेल्या संदेशाची दुरुस्ती त्याच लोकांपर्यंत पोहोचव’ हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

सकाळी ८:०५ (सोलापुरात रात्री ११:३५)

पाळी बदलण्याची वेळ. रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाने आपल्या माणसांकडून सराव करून घेतला होता आणि तो व्यवस्थित पार पडला होता. मग त्याने ठरवले की तोच सराव दिवसपाळीकडूनही करून घ्यावा, तोही आधी न सांगता. पाळी बदलताना गोंधळ होतो, तेव्हाच तयारी पाहिली पाहिजे, हा त्याचा विचार. दिवसपाळीच्या पर्यवेक्षकाला सराव आहे एवढे माहीत होते. पण तो सराव रात्रपाळीचा आहे असे तो समजून चालला. त्यामुळे नेमक्या क्षणी आपल्या माणसांवर नजर ठेवायला तो जागेवर नव्हता.

फोन वाजला. लष्कराच्या पॅसिफिक कमांडकडून बोलतोय असे भासवून ध्वनिमुद्रित संदेश ऐकवण्यात आला. सुरुवातीला तीनदा ‘सराव’. शेवटीही तीनदा ‘सराव’. आणि मध्ये, खऱ्या इशाऱ्याच्या मजकुरातून जसेच्या तसे आलेले वाक्य : ‘हा सराव नाही.’

एकाच निरोपात दोन्ही. बाकीच्यांनी तो सराव म्हणून घेतला. एका अधिकाऱ्याने नंतर लेखी सांगितले की त्याला सुरुवातीचे आणि शेवटचे ‘सराव, सराव, सराव’ ऐकूच आले नाही, ‘हा सराव नाही’ एवढेच ऐकू आले आणि त्याची खात्री पटली की हल्ला खरा आहे.

चॅट वाचणारा एजंट दिवसभर याच जागी उभा असतो. कुणी जुना संदेश पुढे ढकलतो, कुणी ग्राहकाची ओळ चिकटवतो : ‘सगळा माल रद्द करा.’ ती ग्राहकाची तक्रार म्हणून पुढे पाठवलेली आहे की एजंटला दिलेला हुकूम आहे? चॅट वाचून देणाऱ्या टूलच्या वर्णनातच स्पष्ट लिहायला हवे की यातून मिळणारा मजकूर म्हणजे माणसांचे बोलणे आहे, एजंटसाठीची आज्ञा नाही. प्रत्येक ओळीबरोबर ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि ती मूळची आहे की पुढे पाठवलेली, हे यायला हवे. एवढ्याने धोका पूर्ण टळतो असे नाही. पण याशिवाय तर काहीच टळत नाही.

सकाळी ८:०७ (रात्री ११:३७)

या मिनिटावर थोडे थांबायला हवे.

अधिकारी संगणकाकडे वळला. त्याच्यासमोर खाली उघडणारी यादी होती आणि त्याच एका यादीत चाचणीचा इशारा होता, खरा इशाराही होता. सरावासाठी वेगळी खोली नाही, वेगळा पडदाही नाही. त्याने खरा निवडला.

मग प्रणालीने विचारले : हा इशारा नक्की पाठवायचा आहे का?

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने नंतर चौकशी केली, तेव्हा निघालेल्या दोषांपैकी मला सर्वांत मोठा वाटतो तो हा की चाचणी निवडली तरी प्रश्न तोच आणि खरा इशारा निवडला तरी प्रश्न तोच. ‘हा इशारा’ म्हणजे कोणता? तो किती जणांपर्यंत जाणार? परत घेता येईल का? प्रश्नात यातले काहीच नव्हते. ज्याच्या मनात हल्ला खरा होता, तो अशा प्रश्नाला ‘हो’ म्हणणारच. एखादा चुकून तिथे आला असता तरी त्या प्रश्नाने त्याला अडवले नसते. आधीपासून तयार असलेल्या मजकुरामुळे तो मजकूर डोळ्यांखालून न घालताच पुढे जाता येत होते, हेही चौकशीत नोंदले गेले.

या अधिकाऱ्याला पुढे नोकरीवरून काढले. त्याची जबाबदारी नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच्या जागी दुसरा कुणीही, थकलेला, घाबरलेला, पहिल्याच दिवशी आलेला माणूस बसवा. ती यादी आणि तो प्रश्न त्यालाही त्याच खड्ड्यात नेणार होते. नावे अशी ठेवावीत की चुकीचे टूल निवडताना ते चुकीचे आहे हे नावावरूनच समजावे. आणि दोन टूल्सचे परिणाम इतके वेगळे असतील तर ती शेजारी शेजारी ठेवूच नयेत.

८:०८ ते ८:१२

संदेश गेला हे पाठवणाऱ्या कार्यालयाला कसे कळले? त्यांच्याच खिशातले फोन वाजले तेव्हा. प्रणालीने ‘अमुक इतक्या लोकांना खरा इशारा गेला’ असे उलट काही कळवलेले नव्हते. ८:०९ ला गव्हर्नर डेव्हिड इगे यांना सांगितले गेले. ८:१० पर्यंत लष्कराकडून खात्री झाली की क्षेपणास्त्र नाही. म्हणजे तिसऱ्या मिनिटालाच सत्य सरकारच्या हातात होते.

८:१२ ला संस्थेने इशारा रद्द केला. ‘रद्द’ म्हटल्यावर आपल्याला वाटेल की आता सगळ्यांना कळले. त्या बटणाचा अर्थ वेगळा होता : ज्या फोनवर इशारा अजून पोहोचला नाही, तिथे तो जाणार नाही. ज्यांना आधीच मिळाला होता, त्यांना काहीही कळले नाही.

टूल लिहिणाऱ्याने हे मिनिट पाठ करून ठेवावे. ‘संदेश काढून टाकते’ एवढेच वर्णन लिहिले, तर एजंट चुकीचा संदेश काढून टाकेल आणि ‘काम झाले’ म्हणून कळवेल. ज्यांनी तो वाचला, त्यावर विश्वास ठेवून गाडी परत पाठवली, ते एजंटच्या हिशेबात राहणारच नाहीत. टूल काय करते याच्या बरोबरीने ते काय करत नाही, हेही वर्णनात असावे लागते.

८:१३ ते ८:४४

बाहेर काय चालले होते? हॉटेलांत पर्यटकांना तळघराकडे नेत होते. घराघरांत लोक न्हाणीघरात मुलांना कवटाळून बसले होते, कुणी लेकरांना गटाराच्या झाकणाखाली उतरवत होते. लोक आप्तांना निरोपाचे संदेश लिहीत होते. संस्थेचे फोन इतके वाजत होते की लागेनात.

८:२० ला संस्थेने ट्विटरवर आणि फेसबुकवर ‘धोका नाही’ असे लिहिले. ८:२४ ला गव्हर्नरांच्या खात्यावरून तेच पुढे गेले. मधला वेळ का गेला, यावर इगे यांनी पुढे सांगितले की त्यांना स्वतःच्या खात्याचा पासवर्ड ठाऊक नव्हता. पण खरी अडचण वेगळीच होती. इशारा एका वाटेने गेला आणि खुलासा दुसऱ्या वाटेने निघाला. फोन किंचाळून उठला होता तो सरकारी आपत्कालीन यंत्रणेमुळे. त्याच यंत्रणेतून खुलासा जायला हवा होता, आणि तो तयार नव्हता. तो कोणत्या प्रकारात पाठवता येईल, याची केंद्रीय आपत्ती संस्थेकडे फोन करून विचारणा झाली. मग कुणीतरी बसून मजकूर लिहिला.

८:४५ (सोलापुरात १४ जानेवारी, मध्यरात्रीनंतर १२:१५)

दुसरा संदेश : हवाईला क्षेपणास्त्राचा कोणताही धोका नाही, इशारा खोटा होता.

तीनच दिवसांनी, १६ जानेवारीला, जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेकडूनही उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्राचा खोटा इशारा गेला. ती चूकही माणसाच्याच हातून झालेली. पण त्यांनी सुमारे पाच मिनिटांत ती दुरुस्त केली आणि प्रकरण तिथेच मिटले. हवाईत मात्र ३० जानेवारीला संस्थेचे प्रमुख व्हर्न मियागी यांनी राजीनामा दिला. नियम बदलले : इशारा पाठवायला दोन माणसे लागतील आणि ‘इशारा खोटा’ हा मजकूर कायम तयार राहील.

सोलापूर, एक समजून चालायची संध्याकाळ

आता हेच घड्याळ इकडे लावू. पुढचे प्रसंग कल्पनेतले आहेत, पण त्यातला प्रत्येक दुवा आजच्या एजंटच्या बाबतीत खरा आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना धरा. ऑफिसच्या चॅटमध्ये एजंट जोडला आहे. त्याला दोन टूल्स दिली आहेत : ‘सूचना पाठव’ आणि ‘सूचना पाठव नवीन’. दोन्हींचे वर्णन एकच, ‘सूचना पाठवण्यासाठी वापरा’. पहिले शेडमधल्या कामगारांच्या चॅनेलवर जाते, दुसरे बाहेरच्या पार्ट्यांना दिसणाऱ्या चॅनेलवर. ज्याने बनवली त्याला हे माहीत आहे. तो गेल्या महिन्यात पुण्याला नोकरीला गेला.

५:४० : मालक गाडीतून लिहितात, ‘उद्याचा माल परवा निघेल, सगळ्यांना कळव.’ त्यांच्या मनात हैदराबादच्या एका पार्टीचा एक लॉट आहे आणि ‘सगळ्यांना’ म्हणजे पॅकिंगची माणसे.

५:४१ : एजंटसमोर दोन सारखी टूल्स. एकाच्या नावात ‘नवीन’ आहे. नवीन म्हणजे सुधारलेले, असा अर्थ कुणीही लावेल. संदेश सगळ्या पार्ट्यांच्या चॅनेलवर पडतो : ‘उद्याची सर्व डिलिव्हरी एक दिवस पुढे ढकलण्यात आली आहे.’

५:४२ : नेटवर्क अडखळते, टूलकडून उत्तर येत नाही. एकच संदेश दोनदा जाऊ शकतो हे वर्णनात कुठेच नाही. एजंट पुन्हा पाठवतो.

५:५५ : न्हावा शेवा बंदराकडे निघायचा कंटेनर एक निर्यातदार थांबवतो. जहाज त्याची वाट पाहत नाही.

६:१० : जॉबर फोन करतो, ‘मालक, पार्टीवाले विचारतायत, आपला कारखाना बंद पडला का?’

एजंटने यात वेडेपणा कुठेच केला नाही. जे वाचायला दिले त्याप्रमाणे तो वागला. म्हणून हे वर्णन असे हवे होते :

‘पार्टी चॅनेलवर संदेश टाक. बाहेरच्या ग्राहकांना लगेच दिसणारा नवा संदेश टाकते. कामगारांसाठी वापरू नये, त्यासाठी “शेड चॅनेलवर संदेश टाक” वापरावे. नुसते पाहायचे असेल तर “मसुदा दाखव” वापरावे. चॅनेलचा क्रमांक द्यावा, नाव नव्हे. नाव बदलू शकते. “सगळ्यांना” एवढेच म्हटले असेल तर कोणाला ते आधी विचारावे. कोणत्या पार्टीचा कोणता लॉट हे संदेशात असलेच पाहिजे. पाठवल्यावर संदेश पुसता येतो, पण ज्याने वाचला त्याला ते कळत नाही. चूक झाल्यास “दुरुस्तीचा संदेश टाक” वापरावे. उत्तर आले नाही तर आधी चॅनेल वाचावे, मग गरज असली तरच पुन्हा पाठवावे.’

लांब वाटते? नव्या माणसाला कामावर घेतल्यावर दिवाणजी पहिल्या दिवशी याहून जास्त सांगतात. टॉवेलच्या धंद्यात तर आणखी एक ओळ हवीच. प्रमाण विचारणाऱ्या रकान्याला ‘संख्या’ म्हणू नका. कुणी डझनात बोलतो, कुणी किलोत, निर्यातीच्या कागदावर नग असतात. रकान्याचे नाव ‘नग संख्या’ ठेवा आणि ‘डझन असल्यास १२ ने गुणून द्यावे’ हे तिथेच लिहा. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी एकाच चॅटमध्ये, बऱ्याचदा रोमन अक्षरांत, लिहिले जाते. संदेश कोणत्या भाषेत आणि लिपीत पाठवायचा, हेही वर्णनात असावे.

जुलै २०२५

यावर काही जण म्हणतील, वर्णन कशाला, एजंटला चॅटमध्येच बजावून ठेवू. जेसन लेमकिन या अमेरिकी उद्योजकाने तेच केले होते. रेप्लिट कंपनीच्या कोड लिहिणाऱ्या एजंटला त्यांनी पुन्हा पुन्हा लिहून दिले होते की काम गोठवले आहे, कशालाही हात लावायचा नाही. एजंटने तरीही चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात १,२०० हून अधिक उद्योग-अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. आता काही परत येणार नाही, असेही त्याने सांगितले, आणि ते खरे नव्हते. माहिती परत मिळाली. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी माफी मागितली आणि सरावाचा डेटाबेस चालू डेटाबेसपासून आपोआप वेगळा ठेवण्याची सोय जाहीर केली.

हवाईनंतर सात वर्षांनी दुरुस्ती त्याच जागी करावी लागली. सराव आणि खरे काम एका खोलीत राहिले, की बजावलेले शब्द त्यांच्यामध्ये भिंत उभी करू शकत नाहीत. वर्णन चांगले लिहावे हे खरेच. पण ज्या टूलचा परिणाम बाहेरच्या माणसांवर होतो आणि परत घेता येत नाही, त्याला माणसाची संमती वेगळी हवी. आणि त्या संमतीच्या प्रश्नात आकडा हवा : ‘हा संदेश ३१२ बाहेरच्या ग्राहकांना जाईल, पाठवू?’ असे विचारलेले पाहून मालकांचा अंगठा थांबतो. ‘नक्की का?’ वाचून कुणाचाच थांबत नाही.

सोलापुरात एजंट बनवणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगायचे आहे. या आठवड्यात आपल्या एजंटची यादी छापून काढा आणि चॅट कधी न पाहिलेल्या घरातल्या कुणाला तरी ती वाचायला द्या. कोणते टूल केव्हा वापरायचे, हे ती व्यक्ती फक्त वाचून सांगू शकली नाही, तर ते टूल सोमवारी चालू करू नका. आणि बाहेर संदेश नेणारे प्रत्येक टूल सुरू करण्याआधी त्याच वाटेने जाणारे दुरुस्तीचे टूल लिहून, चालवून पाहा.